आवाज कुणाचा, केंद्र कुणाचे?

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्या अंगावर १७२१ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधल्या पोर्तुगीज काळातील ज्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात गेल्या, त्यांतलीच ही एक. धनी बदलला, धर्म बदलला, टांगण्याची जागा बदलली. पण घंटेची जन्मखूण तिच्या अंगावर राहिली. ज्याला वाचता येते त्याला ती आजही आपले मूळ सांगते.

नभोवाणीच्या आवाजाला अशी जन्मखूण नसते. रेडिओचा कान पिळता पिळता अचानक कुणीतरी बोलू लागते. भाषा ओळखीची असते, कधी विषयही ओळखीचा असतो. पण बोलणारा कोण, तो कुठून बोलतो, त्याचा खर्च कोण भागवतो आणि त्याला काय बोलण्याची मुभा आहे, हे त्या आवाजावर लिहिलेले नसते. आवाजाने ते स्वतः सांगावे लागते. न सांगितल्यास ऐकणाऱ्याने शोधून काढावे लागते. बाजाराच्या केंद्राची ओळख पटायला वेळ लागत नाही, त्याच्या जाहिरातीच ती करून देतात. ज्या केंद्राला काही विकायचे नाही, त्याची ओळख मात्र कष्टाने पटवून घ्यावी लागते. या लेखात आम्ही अशाच काही केंद्रांचा इतिहास वाचकांपुढे ठेवणार आहोत. त्यांतले मुख्य केंद्र आपल्या मुंबईचे आहे आणि त्याचे आयुष्य उणेपुरे तीन महिन्यांचे होते.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मुंबईत नियमित नभोवाणी सुरू झाली ती २३ जुलै १९२७ रोजी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीच्या केंद्राचे उद्‌घाटन त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. कंपनीची मदार प्रामुख्याने रेडिओसंचाच्या परवाना शुल्कावर होती. ते पुरेना, म्हणून तीन वर्षांच्या आतच, १९३० च्या मार्चमध्ये, कंपनी बुडाली आणि सरकारने तो कारभार आपल्याकडे घेतला. ८ जून १९३६ रोजी या सरकारी सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र सरकारचा नव्हे. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक छोटे केंद्र चालविले, त्याचे हे नाव. म्हणजे देशभरच्या सरकारी नभोवाणीने पुढे जे नाव धारण केले, ते एका घरगुती, स्थानिक आणि नफ्याची अपेक्षा नसलेल्या केंद्राकडून आलेले आहे.

आमच्या पिढीला रेडिओ म्हटले की आधी आठवते ती सकाळची संकेतधून. मागे तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. तिचे श्रेय वॉल्टर कॉफमन या संगीतकाराला दिले जाते. हिटलरच्या छायेतून निसटून १९३४ साली मुंबईला आलेले हे ज्यू गृहस्थ पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत. एका निर्वासिताच्या सुरावटीवर सारा देश आपले केंद्र ओळखू लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. धून संपली की निवेदकाने केंद्राचे नाव सांगायचे, किती मीटरवर आहोत ते सांगायचे आणि मगच कार्यक्रमाला हात घालायचा, ही शिस्त होती. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. ‘मुंबई ब’ लावणाऱ्या घरांना मग एक नवीनच भेद कळू लागला: हे आपले केंद्र आणि ते जाहिरातींचे.

व्हॅटिकन नभोवाणीचीही अशीच खूण आहे. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप पायस अकरावे यांनी ती सुरू केली. तिची उभारणी स्वतः मार्कोनी यांनी केली होती आणि कारभार येशूसंघीयांकडे सोपविला गेला. कार्यक्रमांच्या आधी ‘क्रिस्तुस विन्चित’ या लॅटिन स्तोत्राची धून वाजे. लघुलहरींच्या खरखरीतून ती धून कानी पडली की भाषा कळो वा न कळो, केंद्र कोणते याविषयी ऐकणाऱ्याला शंका उरत नसे.

केंद्र ओळखण्याचा छंदही जगभर होता. छंदी श्रोता एखादे अनोळखी केंद्र लागले की वहीत तारीख, वेळ, मीटर, कानी पडलेला मजकूर आणि आवाज किती स्वच्छ होता याची नोंद करी आणि ती त्या केंद्राला टपालाने पाठवी. नोंद आपल्या कार्यक्रमाशी जुळली की केंद्र सचित्र कार्ड पाठवून सांगे, ‘होय, तुम्ही ऐकलेत ते आम्हीच.’ या पद्धतीत एक मोठे तत्त्व दडलेले आहे. ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते: केंद्राने आपले नाव सांगायचे आणि श्रोत्याने आपण काय ऐकले ते सांगायचे.

आता मुंबईच्या त्या केंद्राकडे वळू.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गवालिया टँकच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच गांधीजींसह प्रमुख नेते तुरुंगात होते. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. नभोवाणी सरकारची होती. देशात काय चालले आहे हे लोकांना कळण्याची वाटच बंद झाली. अशा वेळी विल्सन महाविद्यालयात शिकलेल्या उषा मेहता या बावीस वर्षांच्या मुलीने आणि तिच्या काही सोबत्यांनी मुंबईत एक गुप्त नभोवाणी केंद्र उभारले. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी ही त्या सोबत्यांपैकी काही नावे. शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवानी यांनी यंत्रसामग्रीची आणि जाणकार माणसांची मदत केली. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते मजकूर आणि मार्गदर्शन पुरवीत. ऑगस्टमध्येच केंद्र बोलू लागले.

त्याने स्वतःची ओळख कशी करून दिली, ते पाहण्यासारखे आहे. आरंभी निवेदिका सांगे की ही काँग्रेस नभोवाणी आहे, ती ४२.३४ मीटरवरून बोलत आहे आणि हिंदुस्थानातून कुठून तरी बोलत आहे. नाव खरे, मीटर खरे, देशही खरा. झाकलेले होते ते फक्त ठिकाण. ४२.३४ मीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार कंपने. हा आकडा लपवून चालणार नव्हते, कारण आकडा लपविला तर श्रोता केंद्र लावणार कसा? आणि आकडा सांगितला की श्रोत्याबरोबर पोलिसही ते लावणार, हेही उघड होते. सुरुवातीला ‘हिंदोस्ताँ हमारा’ आणि शेवटी ‘वंदे मातरम्’, या दोन गीतांच्या कोंदणात रोजचे प्रसारण बसविलेले असे. ती त्या केंद्राची संकेतधून होती.

एवढ्याने ओळख पूर्ण होत नाही. ‘ही काँग्रेस नभोवाणी’ असे कुणीही म्हणू शकले असते. सरकारला एखादे बनावट केंद्र उभारणे अवघड नव्हते. लोकांनी त्या आवाजावर विश्वास का ठेवावा? याचे उत्तर त्या केंद्राने दिलेल्या बातम्यांत आहे. चितगाववर पडलेले बाँब, जमशेदपूरच्या कामगारांचा संप आणि आपल्या विदर्भातील आष्टी व चिमूर या गावांत ऑगस्टमध्ये जे घडले त्याची हकीकत या केंद्राने दिली. सरकारी नभोवाणी ज्या गोष्टींविषयी मूग गिळून बसली होती, त्या येथे ऐकायला मिळत. चिमूरचा ज्याचा कुणी नातलग मुंबईत कामाला असेल, त्याला हा आवाज आपला आहे हे पटविण्यासाठी दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती. भूमिगत मंडळींनी ऑल इंडिया रेडिओचे नाव उलटवून त्याला ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणायला सुरुवात केली होती. त्या कडवट विनोदाचा अर्थ एवढाच होता की, केंद्राची ओळख त्याच्या नावावरून नव्हे, तर ते काय सांगते आणि काय दडविते यावरून पटते.

पोलिसांची शोधपद्धती निराळी होती. कड्याच्या आकाराचा अँटेना फिरवीत गेले की एका विशिष्ट दिशेला आवाज सर्वांत क्षीण होतो. त्यावरून लहरी कोणत्या बाजूने येतात हे कळते. नकाशावर तेवढी एक रेघ ओढायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेच करायचे आणि दुसरी रेघ ओढायची. दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे केंद्र. दाट वस्तीत उंच इमारतींवर लहरी आदळून परततात, म्हणून या रेघा नेमक्या येत नाहीत. गिरगाव-चौपाटीच्या वस्तीने या मुलांना एवढे संरक्षण दिले. त्यांच्याकडून आणखी एक उपाय होत होता: ते बिऱ्हाड बदलीत. चौपाटी, वाळकेश्वर, लॅबर्नम रोड, गिरगाव असे ट्रान्समीटर सारखे हलत राहिले. प्रसारण थोडा वेळच चाले, पण तेवढ्या वेळासाठी कुणाच्या तरी घरची वीज, कुणाचे तरी छप्पर आणि कुणाची तरी भीती वापरली जात असे.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले. अखेरचा पत्ता नकाशावरील रेघांनी नव्हे, तर माणसाने दिला. केंद्राच्या यंत्रांची माहिती असलेला एक तंत्रज्ञ आधी पोलिसांच्या हाती लागला होता, आणि त्याच्याकडून त्यांना माग मिळाला. त्या संध्याकाळी गिरगावातल्या पारेखवाडीत प्रसारण चालू असताना पोलीस दारात आले. उषाताईंनी नंतर सांगितलेल्या आठवणींनुसार तबकडीवर ‘वंदे मातरम्’ चालू होते; ती थांबविण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही.

पुढे कित्येक महिने त्यांची एकांतात चौकशी झाली. परदेशी शिक्षणाचे आमिष दाखविले गेले. त्या बोलल्या नाहीत. रोज हजारोंशी बोलणाऱ्या मुलीने पोलिसांपुढे मौन पाळले; केंद्राचा आवाज जेवढा मोलाचा होता, तेवढेच हे मौनही होते, कारण त्या मौनाच्या आडोशाला कितीतरी घरे सुरक्षित राहिली. १९४३ साली विशेष न्यायालयाने बाबूभाई खाकर यांना पाच, उषा मेहतांना चार आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवानी सुटले. १९४६ मध्ये येरवड्याहून सुटल्यावर उषाताईंनी पुन्हा अभ्यास हाती घेतला, गांधीविचारावर प्रबंध लिहिला, मुंबईत राज्यशास्त्र शिकविले आणि मणिभवनाची धुरा वाहिली. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

या कथेला एक विलक्षण शेपूट आहे. त्या केंद्राने काय काय सांगितले हे आज आपल्याला कळते, ते बव्हंशी पोलिसांमुळे. सरकारी कान रोज ४२.३४ मीटरवर लावलेले असत आणि ऐकलेला मजकूर टिपून घेतला जाई. पुढे खटल्यात पुरावा म्हणून जे कागद आले, तेच इतिहासाच्या अभ्यासकांना उपयोगी पडले. केंद्राचा सर्वांत नेमाने ऐकणारा श्रोता त्याचा शत्रू होता आणि केंद्राची ओळख जपून ठेवण्याचे काम नकळत त्यानेच केले.

चव्वेचाळीस वर्षांनी अशीच कसोटी मनिलाच्या एका कॅथलिक केंद्रावर आली. रेडिओ व्हेरितास हे ते केंद्र. त्याच्या आशियाई सेवेचे उद्‌घाटन ११ एप्रिल १९६९ रोजी झाले होते. १९८३ च्या ऑगस्टमध्ये फिलिपाइन्सचे विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांचा मनिलाच्या विमानतळावर खून झाला, तेव्हा सत्ताधाऱ्यांच्या कह्यातील माध्यमांनी मौन धरले आणि व्हेरितासने ती बातमी आणि अंत्ययात्रेची हकीकत दिली. लोकांनी त्या दिवसांपासून हे केंद्र ओळखले. २२ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री कार्डिनल हायमे सिन यांनी याच केंद्रावरून लोकांना सैनिकी छावण्यांपाशी जमण्याचे आवाहन केले आणि माणसांनी एद्सा हा हमरस्ता भरून गेला.

दुसऱ्या दिवशी मार्कोस यांच्या सैनिकांनी मालोलोसजवळचा व्हेरितासचा ट्रान्समीटर मोडून टाकला. राखीव यंत्रावर केंद्र काही तास तग धरून राहिले, मग तेही थकले. मध्यरात्रीनंतर निवेदिका जून कीथली दुसऱ्याच एका केंद्राच्या जागेतून, दुसऱ्याच आकड्यावरून बोलू लागल्या. जागा गुप्त ठेवणे भाग होते, जुने नाव घेणेही शक्य नव्हते. मग लोकांनी ओळखायचे कसे? त्यांनी आधी एक तबकडी लावली: राष्ट्राध्यक्ष रामोन मागसायसाय यांच्या १९५३ च्या निवडणुकीतील प्रचारगीताची. स्वच्छ राज्यकर्त्याची आठवण जागविणारी ती चाल ऐकताच लोकांना बोलणारी माणसे आपली आहेत हे समजले. केंद्राला नाव दिले गेले ‘रेडिओ बांदिदो’, म्हणजे दरोडेखोरांचा रेडिओ. २५ फेब्रुवारीला मार्कोस देश सोडून गेले. ट्रान्समीटर, आकडा आणि नाव अशा तिन्ही गोष्टी गमावूनही केंद्र ओळखू आले, कारण ओळख आधीच्या अडीच वर्षांच्या खऱ्या बातम्यांनी कमावलेली होती.

स्वतंत्र भारतात मात्र गावाचे स्वतःचे केंद्र ही कल्पना बराच काळ कायद्याबाहेर राहिली. लहरींवरील मालकी सरकारची, हे ब्रिटिशांचे गृहीत आपण तसेच पुढे चालविले. त्याला धक्का बसला तो एका क्रिकेट स्पर्धेच्या वादातून. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही आणि धनिकांचीही असू नये. हे निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी न्यायाधीश होते.

निकाल आणि प्रत्यक्ष परवाना यांमध्ये मात्र बरीच वर्षे गेली. शैक्षणिक संस्थांना दार उघडले गेले ते २००२ च्या अखेरीस. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. गावोगावच्या सेवाभावी संस्थांना परवानगी देणारे धोरण १६ नोव्हेंबर २००६ रोजी जाहीर झाले. तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील माचनूर या गावी दलित स्त्रियांच्या संघांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने आपला स्टुडिओ १९९८ मध्येच बांधून ठेवला होता. परवाना नव्हता, म्हणून दहा वर्षे त्या कार्यक्रम कॅसेटवर भरून बायकांच्या बैठकांत ऐकवीत राहिल्या. १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ हवेत आला. नरसम्मा याच नावाच्या दोन तरुणी तो चालवीत. बियाणे, ज्वारी-बाजरी, दुखणीबाणी, गाणी असे सारे तेथील तेलुगू बोलीत होते.

त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग सुरू झाले. केरळच्या वायनाडमध्ये मानंतवाडी धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेने २००९ साली ‘मॅट्टोली’ सुरू केले. मॅट्टोली म्हणजे प्रतिध्वनी. आता गंमत अशी की संघम, माणदेशी आणि मॅट्टोली या तिन्ही केंद्रांचा आकडा एकच: ९०.४. अण्णा विद्यापीठाचाही तोच. सरकारने अशा छोट्या केंद्रांसाठी मोजकेच आकडे राखून ठेवले आहेत आणि केंद्राची शक्ती १०० वॅट व मनोऱ्याची उंची ३० मीटर एवढीच ठेवल्यामुळे आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही. म्हणून तोच आकडा दूरच्या दुसऱ्या गावाला निर्धास्तपणे देता येतो. १९४२ साली आकडा हीच केंद्राची खूण होती. आज आकड्यावरून काहीच कळत नाही. म्हसवडच्या ९०.४ चे वायनाडच्या ९०.४ शी काहीही नाते नाही. गावाचे नाव सांगितल्याशिवाय केंद्र ओळखता येत नाही.

तेव्हा जाहिराती नाहीत म्हणजे केंद्र लोकांचे, असे म्हणावे, तर तेही पुरेसे नाही. २००६ च्या धोरणानेच अशा केंद्रांना तासाला पाच मिनिटे जाहिरातींची मुभा दिली होती आणि ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली. खरी कसोटी दुसरी आहे. परवाना नफा न कमावणाऱ्या आणि त्या भागात किमान तीन वर्षे काम केलेल्या संस्थेलाच मिळावा आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावेत, असे त्या धोरणाने ठरविले. दूरच्या शहरातून आलेली चकचकीत निवेदने दिवसभर वाजत असतील, तर जाहिरात एकही नसली तरी ते केंद्र गावाचे नव्हे.

येथेच आम्हांला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट सांगितली पाहिजे. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास त्या धोरणाने मनाई केली. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्याची सवलत पुढे मिळाली. हवामान, परीक्षा, जत्रा-उत्सव, पाणी-वीजपुरवठ्याच्या सूचना हे विषयही बातमीत मोडत नाहीत असे ठरले. पण गावात घडलेल्या गोष्टीची बातमी गावाच्या केंद्राने गावकऱ्यांना द्यायची नाही! नळाला पाणी किती वाजता येईल हे सांगता येते. ते का येत नाही याचा शोध घेऊन त्याची बातमी करता येत नाही.

वसईकर वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्या काळात आपल्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून उपसले जात होते, बागायतींवर बेसुमार बांधकामे चढत होती आणि हरित वसईची चळवळ त्याविरुद्ध उभी राहत होती, त्या काळी आपल्यापाशी असे एखादे केंद्र असते तर? या नियमाखाली त्यावरून नारळावरील किडीची माहिती देता आली असती, लग्नाची जुनी गाणी ऐकविता आली असती. आज रात्री कोणत्या वाडीत किती टँकर भरले गेले हे मात्र बातमी म्हणून सांगता आले नसते. ते काम मोर्च्यांनी, पत्रकांनी आणि सभांनी केले.

गाणी, बोली, शेतीचा सल्ला हे कमी मोलाचे आहे असे आम्ही म्हणत नाही. आपली बोली हवेतून ऐकू येणे ही मोठीच गोष्ट असते आणि माचनूरच्या स्त्रियांनी त्यासाठी दहा वर्षे वाट पाहिली. नियम करणाऱ्यांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. अफवा नभोवाणीवरून वणव्यासारखी पसरू शकते. १९९४ साली रवांडात एका खासगी केंद्राने शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या जिवावर उठविले, हे जग विसरलेले नाही. पण त्यावरचा उपाय बातमीवर बंदी हा नव्हे. वृत्तपत्रालाही अफवा पसरविता येते; म्हणून आपण वृत्तपत्रांना बातम्या छापण्याची बंदी करीत नाही, तर खोट्याबद्दल जाब विचारतो. आपले नाव आणि ठिकाण उघड सांगणाऱ्या, परवाना भिंतीवर टांगलेल्या केंद्राला जाब विचारणे तर आणखी सोपे आहे.

दोन केंद्रे शेजारीशेजारी ठेवली की ही विसंगती डोळ्यांत भरते. १९४२ च्या केंद्रापाशी परवाना नव्हता, पत्ता नव्हता, रोजचे छप्परही निश्चित नव्हते. पण चिमूरची बातमी होती. आजच्या छोट्या केंद्रापाशी परवाना आहे, पत्ता आहे, मनोरा आहे. चिमूरला उद्या काही घडले तर ते सांगण्याची मुभा तेवढी नाही.

तेव्हा वाचकहो, रेडिओचा कान पिळताना एखादा अनोळखी पण आपल्या भाषेतला आवाज कानी पडला, तर आकडा पाहून पुढे सरकू नका. थोडे थांबा. केंद्र आपले नाव सांगते का, गाव सांगते का, ते पाहा. बोलणाऱ्यांत त्या गावची माणसे किती, हे ऐका. खर्च कोण चालवितो याची चौकशी करा. प्रामाणिक केंद्राला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि आठवडाभर ऐकून झाल्यावर आपल्या गावातल्या कोणत्या गोष्टीविषयी ते केंद्र एकदाही बोलले नाही, याची यादी करा. त्या यादीसह केंद्राला एक पत्र लिहा, जुन्या छंदी श्रोत्यांसारखे: तारीख, वेळ आणि ऐकलेला मजकूर यांसह. केंद्र खरेच तुमचे असेल, तर उत्तर येईल. धोरणे ठरविणाऱ्यांनाही अशी पत्रे जायला हवीत, कारण लहरींचे मालक आपण आहोत, असे १९९५ पासून देशाचे सर्वोच्च न्यायालयच सांगत आले आहे.